आगाऊ बातमीदार

सोपानआबा भिसे यांनी दिलेली बातमी खोटी निघाली, असं इंदापूर तालुक्यात कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. आणि ज्या कार्यक्रमांच्या बातम्या ते द्यायचे, त्यातल्या निम्म्याअधिक कार्यक्रमांना ते गेलेले नसायचे.

हे मला पक्कं माहीत होतं, कारण त्या बातम्या माझ्या दुकानात लिहिल्या जायच्या. इंदापूरच्या एसटी स्टँडसमोर माझं एसटीडी, झेरॉक्स आणि फॅक्सचं दुकान होतं. आबा पुण्याच्या एका दैनिकाचे तालुका वार्ताहर. सकाळी अकराच्या सुमारास यायचे, फोनच्या काचेच्या खोलीला लागून असलेल्या बाकावर बसायचे, रेक्झिनची बॅग मांडीवर आडवी घ्यायचे आणि तिच्यावर कागद ठेवून लिहायला लागायचे. दीडला पुण्याची गाडी सुटायची. पाकिटावर लाल शाईनं 'प्रेस मॅटर, तातडीचे' असं लिहून ते कंडक्टरच्या हातात द्यायचे. स्वारगेटला पेपरचा माणूस पाकीट उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी छापून इंदापुरात यायची.

अडचण एवढीच होती की आमच्याकडचे कार्यक्रम संध्याकाळी व्हायचे. पाहुणे जेवून, वामकुक्षी करून चारच्या कार्यक्रमाला सहाला यायचे, आणि बातमी तर दीडच्या गाडीनं जायला हवी. आबांनी यातून फार पूर्वीच मार्ग काढला होता. ते आधीच लिहायचे.

पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी दचकलेच. त्यांच्या कागदाची झेरॉक्स काढताना सहज नजर गेली. लिहिलं होतं, 'या प्रसंगी महिलांची उपस्थिती लक्षणीय होती.' कार्यक्रम त्याच दिवशी सायंकाळी पाचला होता.

"आबा, हा कार्यक्रम अजून व्हायचाय की."

"व्हतोय की."

"मग महिला लक्षणीय आल्या, हे तुम्हाला कसं कळलं?"

"ताई, साड्यांचं वाटप हाय," आबा म्हणाले आणि पुढं लिहायला लागले.

यात त्यांचे काही नियम होते आणि ते त्यांनी कधी मोडले नाहीत. गर्दीचा आकडा द्यायचा नाही, 'बहुसंख्येने' म्हणायचं. पाऊस, ऊन, वारा यांच्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आणि कुणाच्याही तोंडी असं वाक्य घालायचं नाही, जे तो माणूस आजवर दहा वेळा बोललेला नाही. तालुक्यातला कोण सरपंच 'तरुणांनी व्यसनांपासून दूर राहावे' म्हणतो आणि कोणता संचालक 'राजकारणविरहित काम' म्हणतो, हे त्यांना तोंडपाठ होतं.

बोलायचेही ते बातमीसारखंच. दुकानात शिरताना म्हणायचे, "विश्वसनीय सूत्रांकडून समजतं, आज नळाला पाणी न्हाय." घरून भांडून आले की, "कुटुंबानं तीव्र नाराजी व्यक्त केली." खिशाला तीन पेनं असायची. निळं, लाल आणि एक न लिहिणारं. कुणी "आबा, जरा पेन" म्हटलं की ते तिसरं पेन काढून द्यायचे. माणूस दोनचार रेघोट्या ओढून परत करायचा. "गेलेलं पेन परत येतंय ते ह्येच," असं आबा सांगायचे.

एकदा बारामतीचे एक निवृत्त साहेब संध्याकाळच्या कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे म्हणून दुपारीच इंदापुरात आले. घरी फोन करायला माझ्या दुकानात शिरले. लाइन लागेना, म्हणून बाकावर बसले. शेजारी आबा लिहीत होते. साहेबांनी मान तिरकी करून वाचलं, मग चष्मा लावून वाचलं.

"हे मी बोललोय?"

"संध्याकाळी बोलणार हाय," आबा न डगमगता म्हणाले.

साहेब परत वाचायला लागले. "छान बोललोय हो. ते 'ज्ञानाची गंगा वाडीवस्तीवर' फारच चांगलं आलंय." आणि मग जरा खालच्या आवाजात, "याची एक प्रत मिळेल का?"

मी झेरॉक्स काढून दिली. त्या संध्याकाळी साहेबांनी ती खिशातून काढून शब्दन् शब्द वाचली. आबांच्या हयातीतली ती सर्वांत अचूक बातमी असावी.

पण खरे आबा कळले ते पळसदेवच्या प्रकरणात. तिथल्या मच्छीमारांच्या सोसायटीनं धरणाच्या काठाला एक खोली बांधली होती. उद्घाटनाची बातमी दीडच्या गाडीनं गेली. चारला माझ्या दुकानात फोन आला: पाहुण्यांची जीप भिगवणच्या अलीकडं बंद पडली, कार्यक्रम पुढच्या आठवड्यात. आबांनी रिसीव्हर खाली ठेवला. तोंडावर कसलाही बदल नाही.

"ताई, कात्री द्या. आन् ती पाकिटं बांधायची लाल फीत हाय ना, ती बी द्या वावभर."

मोपेडवर बसून आबा पळसदेवला गेले. होड्या नुकत्याच काठाला लागत होत्या. जाळी सोडवत बसलेल्या पंधरावीस लोकांना त्यांनी उठवलं, सरपंचांना उसाच्या पाटावरून चिखलाच्या पायांनी आणलं, दाराला फीत बांधली, कापायला लावली आणि पाहुणे आले नव्हते म्हणून पाहुण्यांचं भाषण स्वतःच केलं. सरपंचांना वाटलं हीच पद्धत असेल. अंधार पडायच्या आत आबा कात्री घेऊन परत हजर.

"बातमी खोटी पडली न्हाय, ताई," ते म्हणाले. "कार्यक्रम जरा मागं पडला व्हता, त्याला पुढं आणला."

पुढच्या आठवड्यात खरे पाहुणे पळसदेवला आले. कुणीतरी त्यांना पेपर दाखवला. आपल्याच हस्ते उद्घाटन झाल्याचं वाचून ते म्हणाले, "मग झालंच की," आणि मासे खाऊन आनंदानं परत गेले.

पुढं फॅक्स आला. आबांना तो आवडला नाही, कारण त्याच्या कागदावरची अक्षरं उडायची. "चार महिन्यांत सगळा मजकूर गायब. म्हंजी छापून आलं न्हाय तर पुरावाच न्हाय," असं त्यांचं म्हणणं. फॅक्समुळे बातमी संध्याकाळी पाठवता आली असती, पण ती पाठवायच्या आत लाइन चार वेळा तुटायची. त्यामुळं आबांचा दीडच्या गाडीचा नेम काही सुटला नाही.

नव्व्याण्णव साली मी दुकानात इंटरनेट घेतलं. बारामतीत ते आधीच आलेलं होतं, तिथं आठ दिवस जाऊन शिकून आले. फोन लावला की यंत्र किंचाळायचं, घरघरायचं आणि नशीब असेल तर जोडलं जायचं. आबांनी पहिल्यांदा तो आवाज ऐकला आणि विचारलं, "पुण्यात पण ह्येच ऐकू येतंय का? मग द्येवधर घाबरंल." देवधर हे पेपरच्या कचेरीतले उपसंपादक. आबांच्या बातम्या तेच बघायचे.

पहिली बातमी आम्ही मराठीत टाइप करून पाठवली. दहा मिनिटांत देवधरांचा फोन.

"आबा, हे काय पाठवलंय? सगळीकडे चौकोन, प्रश्नचिन्हं आणि एक उलटा स्वल्पविराम आहे."

माझ्या कॉम्प्युटरवरची मराठी अक्षरं त्यांच्या कॉम्प्युटरवर नव्हती, एवढंच ते होतं. पण आबांनी मला विचारलं, "म्हंजी आपली मराठी तितं चालत न्हाय?" आणि त्या दिवशी ते जरा खिन्न होते.

मग तोडगा निघाला. मराठी बातमी इंग्रजी अक्षरांत लिहायची, तिकडे ते परत मराठीत उतरवून घेतील. पंधरवडाभर नीट चाललं. पंधरवड्यानंतर आमच्याकडच्या एका पतसंस्थेच्या चेअरमनच्या हस्ते मुलींच्या शाळेत पाटी-पेन्सिल वाटण्याची बातमी होती. इंग्रजी अक्षरांत 'पाटी' आणि 'पती' यांत काहीच फरक पडत नाही, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक मथळा होता: 'चेअरमनच्या हस्ते मुलींना पती-पेन्सिल वाटप'.

चेअरमन पेपरची घडी काखेत मारून दुकानात आले. उंच, जाडजूड माणूस. बोलायला लागण्याआधी दोनदा खाकरायचे.

"आबा, बायकोनं दोन दिवस जेवायला वाढलं न्हाय."

"दुरुस्ती देतो."

"नको!" चेअरमन ओरडले. "दुरुस्ती दिली तर ज्यांनी वाचलं न्हाय तेबी वाचतील."

इंटरनेट आल्यावर मी आबांना पुन्हापुन्हा सांगायचे की आता दीडची गरज नाही, पुण्यात रात्री नऊपर्यंत बातमी घेतात, कार्यक्रम उरकून या आणि मग लिहा. आबा मान डोलवायचे आणि साडेबाराला लिहायला बसायचे. एकदा मी फार मागं लागले तेव्हा ते म्हणाले, "ताई, एवढी वर्षं झाली. कार्यक्रमाला बसून मी करू काय? मला म्हाईत असतंय की पुढं काय हाय."

त्याच दिवसांत डाळजच्या साळवे गुरुजींचा सत्कार झाला. चौतीस वर्षं शिकवून गुरुजी निवृत्त होत होते. सत्कार चेअरमननी ठेवला होता. आबांनी नेहमीप्रमाणे दुपारी बातमी लिहिली. शेवटचं वाक्य होतं, 'सत्काराला उत्तर देताना साळवे गुरुजी म्हणाले, हा सत्कार माझा नसून संपूर्ण गावाचा आहे. बोलताना त्यांना गहिवरून आले.'

"गुरुजी गहिवरतीलच कशावरून?" मी टाइप करता करता विचारलं.

"चौतीस वर्षं मास्तरकी केलीय. अंगावर शाल पडली की गहिवरतंय माणूस."

बातमी छापून आली. तीन आठवडे गेले. मग एका सकाळी देवधरांनी आमच्या पत्त्यावर एक मेल पुढं पाठवली. वर त्यांची एक ओळ: 'आबा, काय ते कळवून टाका.' मेल अमेरिकेतून आली होती, गुरुजींच्या मुलाची, मिलिंदची. त्याचीही मराठी इंग्रजी अक्षरांतच. मी आबांना वाचून दाखवली.

'आपला पेपर आता इंटरनेटवर येतो, तिथं माझ्या बाबांच्या सत्काराची बातमी वाचली. कागदावर काढून घेतली आणि रविवारी फोनवर बाबांना वाचून दाखवली. ते हसले. म्हणाले, मी असं बोललोच नाही. मग काय बोललात, असं विचारलं तर म्हणाले, जाऊ दे, तुझं फोनचं बिल वाढतंय. माझी तक्रार नाही. आपले वार्ताहर तिथं हजर होते. बाबा खरं काय बोलले, एवढं त्यांनी मला कळवावं. मी बाबांचं भाषण कधी ऐकलेलं नाही.'

आबांनी निळ्या पेनाला टोपण लावलं.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"हजर व्हते म्हणतोय," आबा म्हणाले. मग बराच वेळ ते स्टँडकडं बघत बसले. दीडची गाडी लागली, भरली, सुटली. त्या दिवशी त्यांनी काहीच पाठवलं नाही.

रविवारी मी भिगवणला माहेरी निघाले होते. त्याच एसटीत आबा होते, डाळजला उतरणार होते. मला राहवलं नाही. मीही उतरले.

आबांचा विचार साधा होता. गावात चार माणसांना विचारायचं, गुरुजी काय बोलले ते लिहून घ्यायचं, मुलाला कळवायचं. ग्रामपंचायतीसमोरच्या चहाच्या टपरीवर त्यांनी वही काढली.

"गुरुजींच्या सत्काराला कोण कोण व्हतं?"

सगळेच होते.

"मग गुरुजी काय बोललं?"

"हा सत्कार माझा नसून संपूर्ण गावाचा हाय," टपरीवाला ताबडतोब म्हणाला.

"असं बोललं?"

"ह्या कानांनी ऐकलंय!"

"आन् गहिवरलं," बाकावरचा दुसरा म्हणाला. "पाणी आलं की डोळ्याला."

"ते पेपरात हाय," आबा म्हणाले. "पेपर सोडून सांगा."

सगळे गोंधळले. टपरीवाल्यानं फळीवरून कात्रण काढून आणलं आणि बोट ठेवून दाखवलं. "आबा, कागदावर छापलंय ते काय खोटं असतंय व्हय? आन् तुमी तर व्हताच की तितं."

"व्हय," आबा म्हणाले. मी चहाच्या कपात बघायला लागले.

एका तासात आबांनी अकरा माणसांना विचारलं. अकराही जणांनी त्यांना त्यांचंच वाक्य सांगितलं. दोघांनी तर त्यात भर घातली होती.

शेवटी आम्ही गुरुजींच्या घरी गेलो. ओटा स्वच्छ सारवलेला, भिंतीवर बुद्धाची तसबीर. गुरुजी बारीक अंगाचे, बोलणं हळू. त्यांनी आम्हाला पाणी दिलं.

"सोपानराव, बातमी चांगली झाली. मी एवढं नीट बोललो नसतो."

"गुरुजी, त्या दिवशी मी जरा मागं बसलो व्हतो," आबा म्हणाले. "शेवटचं नीट ऐकू आलं न्हाय."

"कुठल्या ओळीत?"

शाळेत पाढे न आलेल्या मुलासारखी आबांची मान खाली गेली. गुरुजींनी उत्तराची वाट पाहिली आणि मग स्वतःच प्रश्न मागं घेतला. "जाऊ द्या. ज्यांनी ऐकायचं, त्यांनी ऐकलं."

आम्ही बाहेर पडलो. आबा एसटीच्या दिशेनं न जाता नुसतेच उभे राहिले. समोरच्या हापशावर एक म्हातारी घागर भरत होती. भागाबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. ओट्यावरचं आमचं बोलणं तिनं ऐकलं असावं.

"मास्तर काय बोललं ते पायजे व्हय तुमाला?"

"आजी, तुमी व्हता?"

"व्हते की. फुडच्या रांगंत."

आबांनी वही उघडली नाही. त्यांना बहुधा परत तेच ऐकायची भीती वाटली. "पेपर वाचलाय का तुमी?"

"मला कुठं वाचाया येतंय?" भागाबाई म्हणाली.

आबा हापशाच्या कट्ट्यावर बसले.

"मास्तरनं शाल घेतली न्हाय अंगावर," भागाबाई सांगायला लागली. "घडी करून टेबलावर ठिवली. म्हणलं, लई वर्सं शिकवलं, पर सात पोरी चौथीनंतर यायच्या थांबल्या. म्या पटावर गैरहजर लिवलं, मग नाव काटलं. दुसऱ्यांच्या घरी ग्येलो व्हतो, आईबापाला सांगितलं व्हतं. ह्या सातजणींच्या घरी ग्येलो न्हाय. जायाला पायजे व्हतं. आन् मग एकेकीचं नाव घ्येतलं. पाचवं माज्या सुमनचं." ती थांबली. घागर भरून वाहायला लागली होती. "तवर चेरमन उठला आन् हार घालाया लागला. पर सातीबी नावं घ्येऊन झाली व्हती."

"सुमन कुठं असती आता?" आबांनी विचारलं.

"दौंडला दिली. मोठी बाई झाली की आता ती. तिला कोण सांगणार, मास्तरनं नाव घ्येतलं म्हून? पेपरात यील का तिचं नाव?"

आबांनी वही उघडली. सातही नावं त्यांनी तिच्याकडून लिहून घेतली, दोनदा विचारून, आडनावांसकट.

इंदापूरला परतल्यावर मिलिंदला उत्तर लिहायला आम्हाला अख्खी दुपार लागली. आबा सांगायचे, मी टाइप करायचे. नावं आणि शालीची घडी भराभर झाली. अडलं ते पहिल्या वाक्यावर. ते त्यांनी शेवटी सांगितलं, उभं राहून, दाराकडं तोंड करून: 'मी त्या कार्यक्रमाला हजर नव्हतो.'

"त्या 'नव्हतो'वर नीट नजर टाका, ताई," ते म्हणाले. "तितलं एक अक्षर गळलं तर परत सगळं खोटं."

चार दिवसांनी मिलिंदचं उत्तर आलं. त्यानं आबांना दोष दिला नव्हता. लिहिलं होतं, 'त्या सातांतली एक माझ्या वर्गात होती. ती मला गणितं सांगायची. ती का यायची थांबली, हे मी बाबांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. आता विचारीन.'

आबा एवढ्यावर थांबले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण त्यांनी देवधरांना फोन लावून दुरुस्ती छापा म्हणून सांगितलं.

"महिन्यापूर्वीच्या सत्काराची?" देवधर म्हणाले. "अहो, कुणाची तक्रार नाही. कशाला उगाच."

"माझी हाय."

"आबा, वार्ताहर हजर नव्हता असं छापायचं? मग बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांचं तुमचं तुमी बघा. मला सात नावं छापून पायजेत."

दुरुस्ती छापून आली. आतल्या पानावर, बाजारभावाच्या खाली, चार ओळी. 'वार्ताहर अनुपस्थित असल्याने वृत्तात त्रुटी राहिली.' नावं जागेअभावी काढली होती. आबांनी पेपर दोनदा उलटापालटा करून बघितला.

"बघा ताई. अमेरिकेत सातीबी नावं पोचली, आन् हितनं तासाभरावर डाळजला एक न्हाय."

मी मिलिंदला पाठवलेली मेल मराठी अक्षरांत छापून त्यांना दिली. ती घेऊन ते डाळजला गेले आणि भागाबाईला हापशावर मोठ्यानं वाचून दाखवली. पुढं एका कामासाठी दौंडला गेले तेव्हा सुमनचं घर शोधून तिलाही वाचून दाखवून आले. ती काय म्हणाली असं मी विचारलं. "चहा क्येला," आबा म्हणाले. "आन् कागद ठिवून घ्येतला."

गुरुजी एकदा फोन करायला दुकानात आले होते. आबांना म्हणाले, "पोरगा यावेळी अर्धा तास बोलला. एरवी आम्ही दोघं फोनवर नुसतं पाऊसपाणी विचारतो." एवढंच.

त्या चार ओळींनी मात्र इंदापुरात धुमाकूळ घातला. पहिल्यांदा चेअरमन आले, दोनदा खाकरले. "आबा, म्हंजी तुमी आमच्या कार्यक्रमाला नव्हताच?" पाठोपाठ ज्यांची ज्यांची म्हणून बातमी कधी आली होती, ते सगळे. "माझ्या एकसष्टीला व्हता का?" "पोरीच्या सत्काराला?" "आमच्या दवाखान्याच्या उद्घाटनाला?" आबा बाकावर बसून एकेकाला उत्तर द्यायचे. "न्हाय. न्हाय. तुमच्या हितं व्हतो, पर जेवायच्या टायमाला." पळसदेवच्या सरपंचांना तेवढं त्यांनी अभिमानानं सांगितलं, "तितं व्हतो. तितं तर पाहुणा बी मीच व्हतो."

चेअरमननी आठ दिवस बोलणं बंद केलं. मग नवव्या दिवशी येऊन आबांना शेजारी बसवून हळूच विचारलं, "माझ्या भाषणात ते 'सहकाराचा वटवृक्ष' मी बोललो व्हतो का तुमी?"

"मी."

चेअरमनचा चेहरा पडला. "मला चांगलं वाटलं व्हतं त्ये."

त्यानंतर आबा प्रत्येक कार्यक्रमाला जायला लागले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, पुढच्या ओळीत. पहिल्या आठवड्यात ते संतापूनच परत आले. बॅग बाकावर आपटली.

"ताई, ह्या लोकांस्नी बोलायलाच येत न्हाय! एकानं अर्धा तास नुसतं नावं घ्येतली, व्यासपीठावरची. दुसऱ्यानं तेच घ्येतली. ज्ञानाची गंगा न्हाय, काय न्हाय. एवढी वर्षं मी ह्यांच्या तोंडात माझी वाक्यं घातली, आन् एकानं बी आभार मानलं न्हाईत."

त्यांच्या बातम्या बदलल्या. एक मी अजून विसरले नाही: 'अध्यक्षांनी पंचावन्न मिनिटे भाषण केले. ते काय म्हणाले असे विचारले असता उपस्थितांना सांगता आले नाही.' देवधरांनी ती छापली नाही, पण कचेरीतल्या सगळ्यांना वाचून दाखवली, असं त्यांनीच फोनवर सांगितलं. हळूहळू कार्यक्रमवाल्यांनी आबांना निमंत्रणं पाठवणं बंद केलं. आबा बिननिमंत्रणाचे जायला लागले. मोपेड बाहेर दिसली की व्यासपीठावरची माणसं सावध व्हायची. एकजण तर भाषण अर्ध्यात थांबवून म्हणाला, "आता मी खरं तेवढंच बोलतो," आणि खाली बसला.

मग माझ्या मिस्टरांची बारामतीला बदली झाली. दुकान नणंदेला देऊन मी निघाले आणि आबांची रोजची गाठ सुटली.

त्याच वर्षाच्या शेवटी भिगवणला एका बचत गटाचा कार्यक्रम होता. त्यांच्या पत्रिका मी बारामतीत छापून दिल्या होत्या, म्हणून मलाही बोलावणं होतं. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. पाहुण्यांच्या गाड्या निघून गेलेल्या, मांडववाले कनाती सोडवत होते, खुर्च्या एकात एक घालून थप्पी लावत होते. अर्ध्या मोकळ्या मांडवात दोनच खुर्च्या राहिल्या होत्या. एकीवर आबा. दुसरीवर पदर घट्ट धरून बसलेली एक बाई. तिचं नाव पत्रिकेत 'आभार' म्हणून शेवटी होतं, पण तिची पाळी यायच्या आत पाहुणे उठले होते. ती आबांशी बोलत होती. आधी अडखळत, मग न थांबता.

मांडववाला दुसऱ्यांदा येऊन आबांच्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा राहिला. आबांनी मागं न बघता त्याला हातानं थांबवलं. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर गेली. मी हसून "आबा!" म्हणणार, तोच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"थांबा ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "ह्यांचं व्हायचंय अजून."